मार्ता, तुझा वाटा काढून ठेवला आहे

वाचकहो, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. कोणी परकं माणूस तुमच्या पडवीत येऊन राहिलं, तुमच्या चुलीवरची पेज जेवलं, तुमची भांडणं कान देऊन ऐकली आणि त्या सगळ्याचं पुस्तक करून दूर देशी छापायला निघालं, तर त्या पुस्तकात तुमचा वाटा कोणता? "आम्हांला काय करायचंय" म्हणून या कागदात सुकट बांधू नका. नीट विचार करा. शेवटी मी पुन्हा विचारणार आहे.

आणि मार्ता, तू मध्ये बोलू नकोस. आयुष्यात पहिल्यांदाच मला तुझ्यासमोर सलग बोलायला मिळतंय.

होय, हे पत्रकच आहे. "मी मेले की माझ्यावर पत्रक काढू नको. पत्रकातली माणसं फार उंच असतात आणि त्यांना कधी शिंक येत नाही," असं तू बजावलं होतंस. काढलंय. बाबांच्या छापखान्यात, गेल्या निवडणुकीतून उरलेल्या गुलाबी कागदावर. खिळे मी स्वतः जुळवलेत. तुझ्या नावातलं जोडाक्षर दर ओळीत जरा पुसट उठतंय. बाबा म्हणाले, तो खिळा झिजलाय, कोल्हापुराहून नवा मागवू. मी म्हटलं, राहू दे, तीही दिवेलागणीला पडवीतल्या अंधारात पुसटच दिसायची. शिवाय तुला शिंका यायच्या, हे मी इथे जाहीर करते. जानकीकाकी मसाल्याच्या मिरच्या भाजायला बसली की तू पडवीतून ओरडायचीस, "जानकी, खून!" आणि ती आतून म्हणायची, "मरत नाय गो कोण मिरच्येन. बस गप."

ज्यांनी तुला पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पांढऱ्या केसांची, उंच, डोक्यावर पुरुषी गवती टोपी घालणारी, भिवातात्यांच्या विड्या मागून ओढणारी ही बाई जर्मन भाषेतली कादंबरीकार होती. ऑस्ट्रियातल्या नदीकाठच्या एका गावात जन्मली. ज्यू म्हणून तिथून जीव घेऊन निघाली, मुंबईला आली, लढाई संपल्यावरही परत गेली नाही. मग एके दिवशी आगबोटीने मालवणला उतरली आणि जानकीकाकीच्या पडवीत भाड्याने राहिली. जानकीकाकी म्हणजे आमच्या वाड्यातली मासे विकणारी, नवरा गेल्यावर एकटीने घर उभं ठेवलेली, आणि जिच्या तोंडाला बाजारातले फौजदारही वचकून असतात ती. झाली ओळख. जन्मतारखा आणि पारितोषिकं ज्यांना हवीत त्यांनी दुसरीकडे शोधावीत. तुला स्वतःलाही त्या आठवत नसत.

माझी ओळख तूच करून द्यायचीस, "ही शालू, पत्रकवाली." खोटं नव्हतं. मी बाराखडी पाटीवर शिकले नाही, ओल्या शाईच्या पत्रकांवर शिकले. आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य "जागे व्हा!" हे होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत शाळेतून आले की घड्या घालायच्या आणि बाजारात वाटायच्या, हाच माझा खेळ. त्यामुळे तू आलीस तेव्हा मला जगातलं सगळं ठाऊक होतं.

तुझा पहिला दिवस आठवतोय? सकाळची रापण ओढणं चालू होतं. होडीने जाळं समुद्रात अर्धगोल टाकलेलं, किनाऱ्यावर दोन्ही टोकांच्या रश्शांना माणसं लागलेली. तू टोपी सांभाळत वाळूत उतरलीस, थोडा वेळ बघितलंस आणि गंमत म्हणून रश्शीला हात घातलास. जाळं वर आलं, बांगडे उसळले, वाटे पडले. भिवातात्या आमच्या रापणीचे म्होरके. त्यांनी एक ढीग तुझ्यापुढे सरकवला.

"ह्यो तुजो."

तू हसत हात जोडलेस. इंग्रजीत म्हणालीस, नको, मी सहज ओढलं. मी शाळेतल्या इंग्रजीच्या जोरावर ते सगळ्यांना सांगितलं. एवढ्यावर थांबली असतीस तरी बरं होतं. पण तुला वाटलं, गरीब माणसं आहेत, फुकट कसं घ्यायचं, आणि तू पिशवीतून पाकीट काढलंस.

जाळं धुणाऱ्यांचे हात थांबले. मग जानकीकाकी कमरेला हात लावून पुढे झाली.

"गो बाये, रश्येक हात लावलंस मा? मगे आता वाटो नको म्हणतस तर आमी कोण? चोर?"

मी भाषांतर केलं. 'चोर' जरा ठासून केलं.

भिवातात्या शांतपणे म्हणाले, "जो हात लावता, तेचो वाटो. हयसर अशीच रीत आसा. आवडला तर घे, नाय आवडला तरी घे."

तू विचारलंस, आणि मी अगदी शेवटी आले असते तर?

"जाळ्या वाळूर येवच्या आदी हात लागलो काय झाला."

तू पाकीट आत टाकलंस, वाळूत फतकल मारलीस आणि टोपी उलटी करून पुढे धरलीस. बांगडे टोपीत. त्या टोपीचा वास पुढे कधी गेला नाही. मुंबईहून तुला भेटायला कोणी मोठा माणूस आला की तो खुर्ची मागे मागे सरकवत बसायचा, आणि काकी मला डोळा मारायची.

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असायच्या, कामं कमी. तेव्हा चुलीपाशी बसून तू आम्हांला तुझ्या जुन्या कादंबऱ्या सांगितल्यास, मोडक्या मालवणीत, हातवारे करत. 'शेजाऱ्यांची परात' मला अजून पाठ आहे. एका गावातून एक कुटुंब रातोरात हाकललं जातं. शेजारीण त्यांच्या उघड्या घरातून फक्त एक परात उचलून आणते आणि पुढे जन्मभर तिच्यात पीठ मळते. कादंबरीभर ती परात. लग्नाच्या पावाचं पीठ त्याच परातीत, बारशाच्या पावाचंही. घरात कोणी विचारत नाही ती कुठून आली. मी ऐकत होते आणि माझ्या मुठी वळत होत्या. काकी भाकरी थापत होती.

"तिणा ती परात परत कित्याक दिल्यान नाय?"

"कोणाक देतली? ते लोक परत इले नाय," तू म्हणालीस.

"मगे माळ्यार टाकूची. वापराची कित्याक?"

"वापरली नसती तर कादंबरी झाली नसती, जानकी."

"मगे बरां झाला वापरल्यान. तुझा पोट तरी चलला." आणि तिने भाकरी उलटली.

दुसरी 'दुपारची घंटा'. लढाईत तोफा ओतायला देवळाची घंटा काढून नेलेली असते, तरी घंटा वाजवणारी म्हातारी रोज दुपारी मनोऱ्यावर चढून नुसता दोर ओढते, आणि आवाज नसतानाही सगळं गाव त्याच वेळी जेवायला बसतं. ही भिवातात्यांना फार आवडली. त्यांनी एवढंच विचारलं, "दोर कसलो होतो? काथ्याचो?" तू त्या रात्री तुझ्या प्रकाशकाला लिहिलंस की पुढच्या आवृत्तीत दोर कशाचा ते घालायचं राहिलं आहे.

मला मात्र दोन्ही कादंबऱ्यांचा राग आला होता. मी तुला तोंडावर विचारलं, "तुझी सगळी माणसं गप्प का बसतात? एकाने तरी उठून ओरडावं!" तू म्हणालीस, "ओरडणारी माणसं तुझ्याकडे आहेत की, गुलाबी कागदावर. मी जे पाहिलं ते लिहिते." आणि वर हसलीस. त्या हसण्यावर मी आठवडाभर तुझ्याशी बोलले नाही. तू रोज छापखान्याच्या दाराशी येऊन बाबांना विचारायचीस, "पत्रकवालीचा संप मिटला?"

मग कळलं की तू आमच्यावर कादंबरी लिहिते आहेस. नावही 'रापण'च, जर्मन पुस्तकावर आमचा शब्द. मी तडक पडवीत आले. हेच विचारलं, जे आज वाचकांना विचारलं. "तू आमच्या किनाऱ्यावर बसून माणसं ओढते आहेस. काकीचं बोलणं, तात्यांची चाल, आमची भांडणं, सगळं तुझ्या जाळ्यात. मग आमचा वाटा कुठे? पहिल्या दिवशी तुला शिकवलं ते एवढ्यात विसरलीस?"

मला वाटलं होतं तू भांडशील. तू नुसती विडी विझवलीस. दुसऱ्या दिवशी रापण वर आल्यावर, वाटे पडायच्या आधी, सगळ्यांसमोर उभी राहून म्हणालीस, "माझा पुस्तक. एक पान छापाक जावचा नाय, आधी हय वाचल्याशिवाय. चुकला तर सांगा. तो तुमचो वाटो."

"वाचून काय खावचा?" मागून कोणी तरी ओरडलं.

"भाजलेले शेंगदाणे देतलंय."

मग लोक आले.

त्या संध्याकाळी विसरता येणार नाहीत. उन्हं उतरली की पालथ्या होडीला पाठ लावून तू जर्मन वाचायचीस, वाक्यावाक्याला थांबायचीस, आणि मी त्याचं मालवणी करायचे. तोवर तू मला बरंच जर्मन शिकवलं होतंस. मी तुला माशांची नावं दिली होती, सौदा रोखठोक होता. पहिल्याच प्रकरणात कादंबरीतली सावित्री, काकीवरून घेतलेली, नवं लुगडं नेसून मासे विकायला निघाली आणि काकी उभी राहिली. "नव्या लुगड्यान माशे विकूक? पिशी काय ती?" लुगडं बदललं. पुढे एकदा तू तुझ्या तांडेलाला, होडीच्या म्होरक्याला, वादळात बुडवलंस. तो तांडेल कोणावरून घेतलाय हे शेंगदाणे खाणाऱ्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. दुसऱ्या दिवशी भिवातात्यांची बायको तुझ्या पडवीत येऊन बसली.

"माझ्या घोवाक जितो कर."

"गो, तो तुझो घोव नाय. पुस्तकातलो तांडेल."

"विडी कानार कोण ठेवता? खोकता कोण? माझोच तो. जितो कर, नायतर मी हयसून उठत नाय."

तू गयावया केलीस. प्रकरण उभंच आहे त्याच्या मरणावर. निदान एक पाय जाऊ दे? नाही. हात? नाही. बोट? तात्या बाहेर माडाला टेकून सगळं ऐकत होते, ते म्हणाले, "दात गेलो तर चलात. तो तसोय हलताच." शेवटी जगात कुठेही न झालेला करार झाला: तांडेल वादळातून परत येईल, एका दाताविना. तू प्रकरण पुन्हा लिहिलंस. शिव्या देत लिहिलंस, जर्मनमध्ये, पण लिहिलंस. आणि नंतर कबूल केलंस की आधीपेक्षा चांगलं झालं, कारण मेलेल्या माणसाला कोणी काही विचारू शकत नाही, परत आलेल्याला सगळं गाव विचारतं.

हे बघ, आता इथे माझं अडतं. मेलेल्या माणसाला कोणी काही विचारू शकत नाही. तुझंच वाक्य. तरी विचारते, कारण आपलं एक भांडण अर्धं राहिलंय.

लॉरीवाल्या दलालाचं. वाचकांपैकी किनाऱ्यावरच्यांना तो ठाऊक आहे. इतरांना सांगते: आमचं म्हावरं कुडाळच्या बाजाराला आणि पुढे घाटावर न्यायला त्याची एकच लॉरी. त्या हिवाळ्यात जाळी भरून येत होती तेव्हा त्याने निरोप पाठवला की बर्फ नाही, लॉरी येत नाही. बांगडे वाळूत तापू लागले. संध्याकाळी त्याचाच माणूस येऊन ते माडांना खत म्हणून मातीमोल घेऊन गेला. मी त्याच्यावर पत्रक काढलं होतं. मथळा होता 'हा पाहा चोर!' तू मथळ्याला नावं ठेवलीस, मजकूर मात्र दोनदा वाचलास.

मग कुणकेश्वराची जत्रा आली. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी माणसं अजून परतायची होती, तात्याही तिकडेच, आणि नेमका त्या दिवशी मासा आला. जाळं जड, रश्श्यांवर माणसं कमी, वारा सुटलेला. तू दूरच्या रश्शीवर होतीस, मी आणि काकी जवळच्या. रश्शी हातातून सरकत होती. दलाल लॉरीपाशी उभा राहून बघत होता. आणि मग त्याने वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि येऊन रश्शीला हात घातला. खोटं का सांगू, चांगला ओढला. जाळं वर आलं. तात्या नाहीत म्हणून वाटे काकीने घातले. आणि त्यालाही घातला. इतरांएवढाच.

मी पेटले. त्या दिवसापासून आपण भांडत होतो. किती संध्याकाळी! मी म्हणायचे, ज्याने आमच्या माशांचं खत केलं त्याला वाटा? रीत माणसांसाठी असते, रीतीसाठी माणसं नसतात. हाकला त्याला! तू म्हणायचीस, "रश्येक खंय कळता हात कोणाचो?"

"रश्शीला कळत नसेल. मला कळतं."

"ताच भय माका," तू म्हणालीस.

आणि मग तू ती गोष्ट सांगितलीस, जी तू आजवर कुठल्याच पुस्तकात घातली नव्हतीस. तुझ्या गावाला नदीचा पूर यायचा. सगळं गाव रांगेत उभं राहून वाळूची पोती हातोहात पुढे द्यायचं. तुझे वडील शिंपी, नाजूक हातांचे, पण दर पुराला रांगेत. पाणी ओसरलं की गावातर्फे सगळ्यांना गरम सूप मिळायचं. मग एका वर्षी सूप वाढणाऱ्या बाईची पळी वडिलांसमोर येऊन थांबली. "तुम्हांला नाही," ती म्हणाली. ज्यू होते म्हणून. त्यांनी पोती उचललेली सगळ्यांनी पाहिली होती. कोणी काही बोललं नाही. वडील रिकामा वाडगा घेऊन घरी आले आणि आईला म्हणाले, आज भूक नाही. "पुढे जे जे झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे," तू म्हणालीस. "माझ्यासाठी ते त्या पळीपासून सुरू झालं. म्हणून कोणाचा वाटा नाही, हे ठरवायला कोणी बसलं की मला तिथून उठावंसं वाटतं."

मी तरीही म्हटलं, "पण तुझे वडील पोती उचलणारे होते, मार्ता. हा पूर आणणारा आहे." तू बराच वेळ समुद्राकडे बघितलंस आणि म्हणालीस, "ह्या बरोबर आसा. तरी पण." आणि तेवढ्यात काकीने जेवायला हाक मारली. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं होतं. तिसऱ्या असल्या की तू तत्त्वज्ञान अर्ध्यावर टाकून उठायचीस. "तरी पण" च्या पुढचं वाक्य माझं येणं आहे, आणि ते आता कोणाकडे मागू?

नारळी पौर्णिमेच्या आधी तू गेलीस. दुपारी पेज जेवून पडवीत आडवी झालीस ती उठलीच नाहीस. काकी म्हणते, सुकटीची चटणी मागून घेतली होतीस, म्हणजे मन लावून जेवलीस. रडताना तिने हे इतक्यांदा सांगितलं की शेवटी सगळ्यांना त्याचंच बरं वाटू लागलं.

कचेरीत कारकुनाने विचारलं, मयताचे नातेवाईक कोण? भिवातात्या डोक्यावरचं मुंडासं हातात घेऊन, कचेरीतल्या मराठीत म्हणाले, "आम्ही आहोत साहेब."

"नातं काय?"

तात्या अडखळले नाहीत. "त्या आमच्या रश्शीवरच्या."

कारकुनाने काय लिहिलं मला ठाऊक नाही. आम्ही तुला किनाऱ्यावरच निरोप दिला. तुझ्या देवाचे शब्द आम्हांला येत नव्हते, म्हणून मी 'दुपारची घंटा' चं शेवटचं पान जर्मनमध्ये वाचलं. कोणाला एक अक्षर कळलं नाही आणि सगळे उभे राहिले. टोपी काकीने ठेवून घेतली. म्हणाली, "ह्येचो वास जाळून जावचो नाय."

आता तुझं शेवटचं प्रकरण. ते माझ्यापाशी आहे. तू लिहून पुरं केलं होतंस, फक्त किनाऱ्यावर वाचायचं राहिलं होतं. प्रकाशकाची तार आली, शेवटचा भाग ताबडतोब पाठवा. मी उलट तार केली, वाचन बाकी आहे. त्याला काय वाटलं असेल ते असो.

मी ते वाचलं. अपेक्षेप्रमाणे तू दलालाला वाटा दिला आहेस. सावित्री मासे त्याच्या पुढे धरते. ते एक वेळ सोडून देते. पण पुढे? पुढे तू लिहिलंस की ती एक शब्द बोलत नाही आणि समुद्राकडे बघते.

समुद्राकडे! जानकीकाकी!

खरं सांगते, माझे हात शिवशिवले. किनाऱ्यावर मालवणी करणारी मीच, जर्मन कळणारी मीच. सावित्रीच्या तोंडी एक भाषण घातलं असतं तर कोणाला पत्ता लागणार होता? मनात जुळवूनही झालं होतं, पहिलं वाक्य "जागे व्हा!" पण तू माझी सोय करून ठेवली आहेस. तू मला शिकवलंस की रागाने लिहिलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी जेवून मग वाचावं. मी जेवले आणि वाचलं. ते भाषण माझं होतं, सावित्रीचं नव्हतं. आणि ज्या किनाऱ्याला वाटा दे म्हणून मीच तुझ्याशी भांडले, त्यालाच खोटा वाटा घालायचा?

म्हणून मी काकीकडे गेले. ती सुकट निवडत होती. शेवट जसाच्या तसा सांगितला.

"मी गप रवलंय?" ती म्हणाली. हातातलं सूप खाली ठेवलं. "मी? गो, तेका वाटो दिलंय तो रीतीचो म्हणान दिलंय. पण गप? मी तेका म्हटलंय, घे रे मेल्या, आमच्या बांगड्यांचा खत केलंस, आता ह्यांची कढी करून पोरांका घाल, आणि काटो घशाक अडाकलो तर माझी आठवण काढ. तेच्या बापाशीचो उद्धार केलंय, आज्याचो केलंय. अर्ध्या किनाऱ्यान ऐकल्यान!"

खरंच, मी ऐकलं होतं. शेजारीच उभी होते. पण तेव्हा मला काकीचं देणंच तेवढं दिसलं होतं, आणि माझ्या रागात तिचं बोलणं वाहून गेलं होतं. तू तर दूरच्या रश्शीवर होतीस, वाऱ्याविरुद्ध. तुला काकीचा हात दिसला, तोंड ऐकू आलं नाही. आणि ती जागा तू तुझ्या गावच्या माणसांनी भरून काढलीस. तुला ठाऊक असलेली माणसं अशा वेळी गप्पच राहायची ना? त्यांनी वाटा नाकारला आणि तोंडं मिटली. काकीने वाटा दिला आणि तोंड सोडलं. मार्ता, तुझं "तरी पण" कदाचित इथेच कुठे तरी होतं. तुला विचारायला एक संध्याकाळ उरायला हवी होती.

"मगे मी पुस्तकात बदलू?" मी काकीला विचारलं.

"तू कोण बदलणारी? तू तिणा लिवल्यान तसाच वाच. किनाऱ्यार सगळ्यांफुडे वाच. मगे मी उठतलंय आणि सांगतलंय." डोळे पुसून ती पुन्हा निवडायला लागली. "गप रवलंय म्हणे. येवंदे तिका सपनात."

तेव्हा ठरलं ते असं. प्रकरण वाचलं जाईल, तुझा शब्द न् शब्द, समुद्राकडे बघण्यासकट. मग काकी उठेल. ती जे सांगेल ते मी जसंच्या तसं जर्मनमध्ये उतरवीन. मेल्या, काटा, बाप, आजा, सगळं. 'मेल्या' चं जर्मन काय करायचं हे तू शिकवून गेली नाहीस, तिथे मी 'मेल्या' च ठेवणार. आणि तुझा शेवट नि काकीचा शेवट, दोन्ही एकापाठोपाठ एक छापायला पाठवीन. तू भांडशील. भांड. पण तुझ्या पहिल्या दिवसाची रीत आठव: आवडला तर घे, नाय आवडला तरी घे.

वाचकहो, तुम्हांला पुन्हा विचारते. तुमचा वाटा कोणता?

मला विचाराल तर, हात लावाल तेवढा. चतुर्थीच्या गणपतींचं विसर्जन झालं, मुंबईकर परतले, समुद्र निवळला की आमच्या किनाऱ्यावर पहिली रापण लागेल. त्या दिवशी या. जाळं वाळूवर यायच्या आत रश्शीला हात लावा. संध्याकाळी पालथ्या होडीपाशी बसा, शेंगदाणे माझ्याकडून. प्रकरण ऐका, आणि जिथे पटणार नाही तिथे उठून बोला. एक वाटा टोपीत असेल, त्याला कोणी हात लावू नये. तो तिचा आहे.

आणि लॉरीवाले दलाल, तुम्हीही या. त्या दिवशी तुम्ही ओढलंत, ते मी पाहिलंय. पुन्हा ओढलंत तर वाटा मिळेल, इतरांएवढाच. मी स्वतः घालीन. फक्त वाटा घेऊन लगेच लॉरीत बसू नका. काकीला तुमच्याशी बोलायचं आहे, आणि या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं.